मारुतीच्या कमरेला पाणी

श्रावणात नाशिकमध्ये कोणालाही विचारा, पाणी कुठवर आलंय? उत्तर मीटरमध्ये मिळत नाही. 'मारुतीच्या गुडघ्याला आहे', 'कमरेला लागलं', 'छातीवर गेलं' असं मिळतं. हा मारुती म्हणजे रामकुंडाच्या खालच्या अंगाला, थेट पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. आणि नदीला रोजच्या बोलण्यात इथे गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे घाटावर जाऊन येतो, इतका साधा अर्थ.

मारुती ही नाशिकची पूरपट्टी आहे. पावलांशी पाणी असेल तर घाटावरची दुकानं आवरायला लागायची वेळ. गुडघ्याच्या वर गेलं की घाटालगतच्या पटांगणात गाडी ठेवायची नाही. कमरेला आलं की काठच्या बाजारपेठेत माल वर चढवायला घ्यायचा. छातीच्या वर पाणी चढू लागलं की बघ्यांनीही घरी जावं. डोक्यावरून गेलं की मग नजर नारोशंकराच्या घंटेकडे वळते. १७४७ साली बांधलेलं हे देऊळ खरं तर रामेश्वराचं, पण नाव चिकटलं ते बांधणाऱ्या नारोशंकर राजेबहाद्दरांचं. घंटा पोर्तुगीज बनावटीची, १७२१ सालची, चिमाजी अप्पांच्या वसई विजयाची खूण. घंटेला पाणी लागणं म्हणजे महापूर. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ ही सालं काठावरच्या माणसांना कॅलेंडर न बघता सांगता येतात.

आता मोबाइलवर विसर्गाचे आकडे येतात आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. गंगापूर धरणातून 'दहा हजार क्युसेक सोडले' हे वाचून नेमकं काय समजायचं? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला अठ्ठावीस टँकर. हे पाणी घाटावर यायला साधारण दोनेक तास लागतात. त्यामुळे आकडा जाहीर होतो तेव्हा मारुती कोरडा दिसतो, आणि 'काही नाही हो, उगाच घाबरवतात' म्हणत लोक पटांगणात गाड्या तशाच ठेवतात. दोन तासांनी त्याच गाड्या तरंगताना दिसतात.

दुसरी गोष्ट, धरणाचा आकडा एकटा बघायचा नाही. अहिल्यादेवी होळकर पुलाखालचा आकडा त्याच्याशेजारी ठेवायचा. धरण आणि पूल यांच्यामध्ये शहराचा पश्चिमेकडचा सगळा भाग आहे, आनंदवल्ली, सोमेश्वर, दोन्ही बाजूंचे नाले. शहरात जोराचा पाऊस असेल तर धरणातून थेंबही न सोडता होळकर पुलाखाली पाणी वाढतं. जितक्या रस्त्यांवर डांबर आणि आवारांत फरशी, तितकं ते लवकर येतं. म्हणून दोन आकड्यांमधलं अंतर वाढायला लागलं की समजावं, हे पाणी शहराचं आहे आणि ते धरणाच्या हातात नाही.

पात्रातल्या छोट्या देवळांकडे जरा जवळून बघा. काळ्या दगडाची, बुटकी, जाड भिंतींची, वर गिलावा नाही. दरवर्षी पुरात जातात आणि दरवर्षी तशीच वर येतात. बांधणाऱ्यांनी पाणी अडवायचा हट्ट धरला नाही. ते वरून जाणार हे धरूनच दगड बसवला. नदी ओलांडायला सांडवे केले तेही तसेच ठेंगणे. उन्हाळ्यात वरून चालत जायचं, पावसाळ्यात पाणी वरून जाऊ द्यायचं. 'सांडव्यावरची देवी' हे नाव तिथूनच आलं. मोठी देवळं मात्र काठ चढून वर. काळाराम हे त्यातलं थोरलं, सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं. त्याच्याच दारांशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ची येवल्याची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातली. घाटाची महती सांगताना हे गाळून पुढे जाणं बरोबर नाही.

बाजारपेठेत पाणी शिरतं ते बहुतेकांना वाटतं तसं नदीकडून सरळ येत नाही. ते मागून येतं. सरस्वती नाला जुन्या गावातून, आता जमिनीखालून, गंगेला मिळतो. दहीपूल हा त्याच्यावरचाच पूल, फक्त आता पुलासारखा दिसत नाही. एरवी नाला नदीत उतरतो. नदी फुगली की त्याचं तोंड बुडतं, पाण्याला उतरायला जागा राहत नाही आणि ते उलटं फिरून दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, कापडपेठेत वर येतं. त्यातच गावात पाऊस असेल तर दोन्हीकडून कोंडी. सराफ बाजारात मग सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजायच्या, किती बुडाल्या आणि किती उरल्या.

जुन्या दुकानांची जोती उंच का आणि खालची फळी पावसाळ्यात रिकामी का, हे यातून कळतं. नव्याने दुकान घेणारे चुकतात ते इथेच. रस्त्याच्या पातळीला किंवा त्याहून खाली गाळा घेतात, तळघरात माल भरतात. तांब्यापितळेची भांडी पाण्यातून काढून घासता येतात, कापडाचा तागा आणि वह्याखाती गेली ती गेली. पाणी चढायला लागलं की आधी मेन स्विच बंद, मग वह्या, मग कापड, भांडी शेवटी. हा क्रम घाईत उलटा होतो, कारण डोळ्यांना भांडी मोठी दिसतात.

कुंडांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. सलग घाट आणि सलग पाणी आज दिसतं तसं पूर्वी नव्हतं. पात्रात ओळीने वेगवेगळी कुंडं होती: लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, रामकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड आणि पुढे आणखी कितीतरी. नदी इथे दक्षिणेकडे वळते, म्हणून हा टप्पा अधिक पवित्र मानला. रामकुंड १६९६ साली चित्रराव खटावकरांनी बांधलं, पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. लांबी सुमारे २७ मीटर, रुंदी १२. अस्थिविसर्जनाची जागाही इथलीच, महात्मा गांधींच्या अस्थीही १९४८ साली इथे आणल्या होत्या.

कुंडांच्या तळाला झरे होते. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांत तळावर काँक्रीट पडलं आणि झऱ्यांची तोंडं मिटली. वरवर बघता सोय झाली, चिखल नाही, पाय घसरत नाही. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी थांबलं की कुंडात उरतं ते साचलेलं पाणी. त्याला खालून भर नाही, म्हणून ते हिरवं पडतं, वास मारतं, आणि मग पर्वणीसाठी टँकर आणायची वेळ येते. काही कुंडांमधलं काँक्रीट नंतर फोडून काढलं गेलं. हे काम रामकुंडापर्यंत पुरं व्हायला हवं, सोपं नसलं तरी.

अस्थी घेऊन किंवा श्राद्धासाठी येणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत. त्यात आपलं घराणं शोधायचं तर 'आम्ही ठाण्याचे' किंवा 'पुण्याचे' सांगून उपयोग नाही. मूळ गाव, तालुका, आडनाव आणि आजोबा-पणजोबांची नावं सांगावी लागतात. वह्या गावांप्रमाणे वाटलेल्या असतात, म्हणून गावाचं नाव चुकलं की माणूस चुकीच्या दारात जाऊन बसतो. सापडलं तर आपल्या पूर्वजाच्या हातची सही बघायला मिळते, मोडीत सुद्धा. परतण्याआधी आपल्या पिढीची नावं नीट लिहवून घ्यावीत, मुलींची आणि सुनांचीही.

सिंहस्थ म्हटलं की प्रयागचं चित्र डोळ्यापुढे आणतात, तिथेच हिशेब बिघडतो. प्रयागला मेळा हिवाळ्यात आणि समोर वाळूचं अफाट मैदान. इथे पर्वण्या भर पावसाळ्यात. आगामी सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्टला. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णव नाशकात, म्हणून गर्दी दोन गावांत विभागते. तरीही २७ बाय १२ मीटरच्या कुंडात, माणशी एक चौरस मीटर धरला तर एका वेळी सव्वातीनशेच माणसं मावतात. बाकी सगळं नियोजन या एका गुणाकाराभोवती फिरतं. तपोवनात कपिला संगमाशी, नदीच्या खालच्या अंगाला दसक गावापर्यंत घाट बांधले ते त्यासाठीच. २००३च्या पर्वणीला सरदार चौकाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक दगावले. उतार, अरुंद गल्ली आणि मागून येणारा रेटा, तिन्ही एकत्र आले. नदीचं पावित्र्य रामकुंडाच्या चौकटीपुरतं नाही, दसकला बुडी मारली तरी पाणी तेच आहे, हे येणाऱ्यांना आधीपासून सांगत राहिलं पाहिजे.

पूर ओसरतो तेव्हाचं काम फारसं कोणी बघत नाही. पाणी मारुतीच्या छातीवरून कमरेला उतरलं की काठावर हालचाल सुरू होते, आणि त्यात उशीर करायचा नसतो. गाळ ओला आहे तोवर पाण्याच्या जोराने निघतो. एक दिवस कडक ऊन लागलं की तो नक्षीच्या खाचांत मातीच्या भांड्यासारखा घट्ट बसतो, मग लोखंडी पट्टीने खरवडायला जावं तर दगडाची धार जाते. म्हणून उतरत्या पाण्याबरोबरच वरून खाली धूत यायचं, पायरीपायरीने, झाडू आणि पाइप घेऊन. दुकानाच्या शटरच्या खाचांतही तेच, वाळलेल्या गाळावर शटर ओढलं की पट्टी वाकते. मारुतीला शेंदूर मात्र लगेच लावायचा नाही. तेलात कालवलेला शेंदूर ओल्या दगडावर धरत नाही, पापुद्रे सुटतात. दगड आतून सुकेपर्यंत चार-पाच दिवस थांबायचं, आणि तेवढ्यात धरणाचा आकडा पुन्हा वाढला नाही, तर लेप चढवायचा.