टीएनच्या कागदांसाठी सांगली-कोल्हापूर, आणि मग टोरंटो

अमेरिकेत कामाला जायचे म्हटले की आपल्याकडे एच-1बी आणि त्याची सोडत एवढेच आठवते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या नाफ्ता या व्यापार करारासोबत 1994 मध्ये आलेला आणि 1 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या त्रिपक्षीय करारातही टिकलेला टीएन हा अमेरिकेत काम करण्याचा तात्पुरता दर्जा वेगळा आहे, कारण त्याला सोडत नाही. मात्र तो फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर किंवा कॅनडाच्या पीआर (कायम रहिवासाच्या) कार्डावर तो मिळत नाही.

मी विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकलो, पुढे कॅनडाचा नागरिक झालो आणि शिकागोजवळच्या एका कारखान्याने अभियंता म्हणून बोलावल्यावर कागद शोधू लागलो. पदवी कॅनडा, अमेरिका वा मेक्सिकोबाहेरची असल्यास तिचे समकक्षता मूल्यांकन (ती तिथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा मूल्यांकन संस्थेचा अहवाल) जोडावे लागते, आणि माझे मूळ पदवी प्रमाणपत्र 2019 च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात भिजून लगदा झाले होते. म्हणून ऑगस्टमध्ये, आयर्विन पुलाखालच्या पाण्याची पातळी घरोघरी विचारली जात असताना, मी सांगलीत उतरलो.

दुय्यम प्रमाणपत्र आणि ट्रान्स्क्रिप्ट (सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) यांसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जावे लागते. एसटीने अंतर पन्नास किलोमीटरच्या आतच आहे, पण काम एका फेरीत होईल असे धरून परतीचे विमान ठरवू नये. मी तीन आठवडे हाताशी ठेवले होते आणि ते सगळे लागले. मूळ प्रमाणपत्र नष्ट झाल्याचे प्रतिज्ञापत्र आदल्या दिवशीच सांगलीत करून घ्यावे. त्यातच नावाचाही खुलासा करावा, कारण आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, तर माझ्या कॅनडाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव नाहीच. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे परक्या अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही.

ट्रान्स्क्रिप्ट सीलबंद पाकिटात, जोडावर शिक्का मारून मिळाले. मी संध्याकाळी ते टेबलावर ठेवून हात-पाय धुवायला गेलो, आणि परत आलो तोवर वडिलांनी ते चाकूने व्यवस्थित, एकही कोपरा न फाडता उघडले होते. “तिसऱ्या वर्षी तुला इतके कमी होते?” एवढेच ते म्हणाले. फुटलेले पाकीट मूल्यांकन संस्था घेत नाही, त्यामुळे पुन्हा कोल्हापूर. या वेळी मी दोन पाकिटे मागून घेतली आणि घरी कोणालाही दाखवली नाहीत. तुम्हीही जादा प्रत घ्यावी.

टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर अमेरिकी तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते आणि कॅनडाच्या नागरिकाला तिथेच अर्ज देता येतो; वकिलातीत जावे लागत नाही. आत वेगळ्या खोलीत बसवतात, म्हणून उड्डाणाच्या चार तास आधी पोहोचणे बरे. अधिकाऱ्याने सर्वांत जास्त वेळ मालकाचे पत्र वाचले. त्यात व्यवसाय, प्रत्यक्ष काम, कालावधी, पात्रता आणि मोबदला स्पष्ट हवा, आणि व्यवसाय करारातील यादीतलाच हवा. कारखान्याच्या पहिल्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी पद’ असे शब्द होते. ते मी आधीच बदलून घेतले होते, कारण हा दर्जा तात्पुरत्या मुक्कामाचा आहे आणि तशा एका शब्दावरून अर्ज अडू शकतो. अर्जाचे 50 डॉलर भरले. पत्नीला टीडी, म्हणजे टीएनधारकाच्या कुटुंबीयांचा दर्जा, मिळाला. त्यावर शिकता येते, नोकरी करता येत नाही, हे घरात आधीच बोलून ठेवावे.

टीएन एका वेळी जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी देतात. माझ्या पासपोर्टची मुदत 14 महिनेच उरली होती, म्हणून आय-94 वर, म्हणजे अमेरिकेतील प्रवेश आणि मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर, तेवढीच तारीख पडली. सांगलीतल्या त्या तीन आठवड्यांच्या आधीच पासपोर्ट नवा करून घेतला असता, तर शिकागोला पोहोचताच पुढच्या अर्जाची तयारी सुरू करावी लागली नसती.