म्हशीची शिंगं

माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ ठरलेली असते: ‘पेन्सिल रफमध्ये दोनदा दुरुस्ती मोफत, रंग भरल्यावर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे.’ ही ओळ मी फार ऐटीत टाकते. गेल्या वर्षी एका म्हशीनं ती माझ्यावरच उलटवली.

मुलांच्या चित्रपुस्तकाचं काम होतं. 24 पानं, म्हणजे 11 जोडपानं, पहिलं आणि शेवटचं पान सुटं. भीमेकाठचं गाव, एक मुलगी आणि तिची म्हैस. पैशांचं नेहमीसारखं ठरलं: 40 टक्के आगाऊ, 30 रफ मंजूर झाल्यावर, 30 फायली देताना. करारही केला. ओळखीत कशाला कागद, असं मीही आधी म्हणायचे. पण पैसे देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणाराच. हे कळल्यापासून मी मावसभावालाही सही करायला लावते.

रफ पाठवली. संपादकताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन अंगठे पाठवले, ‘मुलीची वेणी जरा सैल कर’ म्हणाल्या, मी केली. मग तीन आठवडे रंग. लेखक त्या ग्रुपवर नव्हते, आणि आपण त्यांना विचारावं असं मलाही सुचलं नाही.

रंगीत पानं पाहून त्यांचा फोन आला. आवाज अगदी मऊ. “ताई, चित्रं फार गोड आहेत. पण ही म्हैस आमच्याकडची नाही.”

नेटवर ‘म्हैस’ शोधलं आणि समोर आली ती काढली, असा माझा संदर्भ. ती होती हरियाणाकडची मुऱ्हा जात, कानाजवळ जिलबीसारखी घट्ट वळलेली शिंगं. पंढरपुरीची शिंगं तलवारीसारखी, मागे थेट खांद्यांच्याही पलीकडे जाणारी. “आमच्या आळीत म्हैस वळली की माणसं बाजूला होतात,” ते म्हणाले. गोष्टीतल्या एका वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला. मुलगी म्हशीच्या ‘मागून नाही, पुढून’ चालते, ते का!

आता पैसे कुणी द्यायचे? रफ मंजूर होती, ओळ माझ्या बाजूनं होती. ताई म्हणाल्याही, “बिल लाव, बघू.” पण पंढरपूरजवळची म्हैस काढायला सांगितल्यावर हरियाणातली काढली, ही काही गिऱ्हाइकाची लहर नव्हे. नाही लावलं.

सात जोडपानांवर म्हैस होती. डोकं वेगळ्या लेअरवर होतं म्हणून वाटलं, दोन दिवसांचं काम. छे! शिंगं लांबली आणि सगळी मांडणीच मोडली. कुठे ती मजकुरात घुसली, कुठे नेमकी पुस्तकाच्या घडीत गेली, नदीच्या पानावर तर चौकटीबाहेरच. दोन पानं मुळापासून नव्यानं काढली. एका पानावर मात्र लॉटरी लागली: मुलीचं दप्तर आधी उगाच जमिनीवर पडलं होतं, ते शिंगाला अडकवलं. आता मुलं तेच पान पुन्हा पुन्हा उघडतात, असं लेखक सांगतात.

तेव्हापासून कोटेशनमध्ये आणखी एक ओळ आहे: ‘रफ लेखकांनी पाहून होकार दिल्याशिवाय रंग सुरू होणार नाहीत.’ एका प्रकाशकांना ती आगाऊपणा वाटली. वाटू दे.

तरी म्हशीनं सोडलं नाहीच. नुसत्या काळ्या शाईत ती कागदावर राखाडी, धुतल्यासारखी दिसली असती, म्हणून मी काळ्यात निळा, किरमिजी, पिवळा सढळ हातानं मिसळला. चारही शाईंची बेरीज (प्रत्येकीची कमाल 100) गेली 340 टक्क्यांवर, आणि कागद साधा मॅपलिथो, म्हणजे वर गुळगुळीत लेप नसलेला. पहिले ताव निघाले त्या सकाळी प्रेसमधून मशीनवाल्या काकांचा फोन:

“मॅडम, म्हैस वाळत नाहीये.”

शाईची बेरीज 270 वर आणून फाइल पुन्हा पाठवली.