नाल्याच्या पुलापर्यंत

आज पहाटे नाल्याच्या पुलापर्यंत मी न थांबता पळाले. साठी ओलांडल्यावर, मधुमेह असताना! आनंद अजून अंगात भिनलेला आहे, म्हणून लिहितेय.

थंडी चांगलीच होती. दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेली, दवानं ओली पऱ्हाटी. पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली पोरं रोज याच रस्त्यावर पळतात. त्यातला एक मागून येऊन म्हणाला, "काकू, दम नका सोडू, मी हावो ना सोबत!" अन् स्वतःचा वेग कमी करून पुलापर्यंत आला. पोरा, तुझी भरती पक्की होवो.

शुगर निघाली तेव्हा मी पार खचले होते. पळताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. आधी नुसतं चालणं, मग विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळणं. गोळ्या चालूच आहेत, त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. साखर एकदम उतरली तर म्हणून ओढणीच्या टोकाला गुळाचा खडा बांधलेला असतो. घरी आल्यावर तळपाय उजेडात धरून बोटांच्या बेचक्यासुद्धा बघते, कारण या दुखण्यात पायाची जखम कधी कधी कळतच नाही.

पंजाबात जन्मलेले धावपटू फौजासिंग यांनी २०११ साली, वयाच्या शंभरीत, टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली होती. बेचाळीस किलोमीटर! त्यांच्यापुढे मी तर अजून पोरच.

शेजारच्या वहिनींना गुडघ्यांची भीती वाटते, उद्या त्यांना चालायला तरी नेणारच. बायांनो, ज्यांना यायचं त्यांनी साडेपाचला मारुतीच्या पारापाशी या.