टॉवेलची किनार आणि कॉम्प्युटरची तारीख

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून सकाळीच फोन आला. "सर, लगेच या. काल रुंद केलेली किनार आज परत अरुंद येतेय. माग बंद ठेवलाय."

तिथे डिझाइन साखर पेठेतल्या ऑफिसात तयार होतं, कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर येतं आणि पेन ड्राइव्हने इलेक्ट्रॉनिक जेकार्डला, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राला, जातं. कारखान्यात नेटचा भरवसा नाही. ते आलं की एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, दोन्हीकडचे फोल्डर जुळवायची: ज्या फाइलची तारीख नवी, तीच दोन्हीकडे.

डिझायनर ताई फोनवर म्हणाल्या, "मी त्या फाइलला हातच लावला नाही." कारखान्यातले मास्तर म्हणाले, "मी काल इथंच बदलली, चालवूनही बघितली." दोघंही खरं बोलत होते.

मागाला लावलेला पेन ड्राइव्ह मागवला. रुंद किनारीची फाइल त्यात सुखरूप होती, पण तारीख 1 जानेवारी 2009! लाइट नसताना कारखान्यातल्या कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणारी सीआर 2032 बॅटरी संपली होती. लाइट गेली की घड्याळ मागे जायचं आणि नेट आलं की आपोआप सुधारायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मधल्या वेळात मास्तरांनी सेव्ह केलेली फाइल स्क्रिप्टने जुनी ठरवली आणि ऑफिसातली तिच्यावर चढवली.

मालक म्हणाले, "बॅटरी बदला, झालं." मला ते पटेना. घड्याळं बरोबर असली तरी दोघांनी एकच फाइल बदलली तर एकाची मेहनत गुपचूप पुसली जाणारच. शिवाय रद्द केलेली डिझाइन्स तिथे परत परत उगवत होती. फाइल एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. मग ती इथे नवी झाली की तिथे काढून टाकली? नुसती तारीख बघून हे कळूच शकत नाही. त्यासाठी मागच्या वेळी दोन्हीकडे काय होतं, याची नोंद लागते.

'युनिसन' हा मोफत प्रोग्राम ती नोंद ठेवतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने तो घडला. एकीकडेच बदल असेल तर तो दुसरीकडे नेतो. दोन्हीकडे असेल तर दोन बाणांमध्ये प्रश्नचिन्ह दाखवतो आणि आपण सांगेपर्यंत ती फाइल तशीच ठेवतो.

स्क्रिप्टच्या जागी तोच बसवला. पहिल्या वेळी नोंद कोरी असते, त्यामुळे रद्द डिझाइन्स आधी दोन्हीकडून काढली. वेगळ्या निघालेल्या प्रत्येक फाइलपुढे प्रश्नचिन्ह आलं. मास्तर आणि ताई फोनवर एकेक फाइल उघडून ठरवत गेले. एका मोराच्या डिझाइनमध्ये ताईंनी पिसारा बदलला होता, मास्तरांनी किनार. ताईंनी दोन्ही एकत्र करून नवी फाइल पाठवली आणि माग त्याच फाइलवर सुरू झाला.