तुम्ही विचारलंत म्हणून : जिमी हिलच का?

क्रीडा पत्रकारितेच्या वर्गात दूरचित्रवाणीचा विषय निघाला की मी ब्रिटिश फुटबॉलपटू आणि पुढे टीव्हीवर क्रीडाप्रमुख झालेले जिमी हिल यांचे नाव घेतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ब्रिटनमध्ये क्रीडा विभागात उभी हयात घालवलेले कसलेले अधिकारी असताना, क्रीडाप्रमुखाच्या खुर्चीत जेमतेम काही वर्षे बसलेल्या माणसाचे एवढे कौतुक कशासाठी?

याचे उत्तर टीव्हीच्या आधीच्या काळात आहे. हिल लंडनच्या फुलहॅम क्लबकडून खेळत आणि 1957 पासून फुटबॉलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्या वेळी इंग्लंडमधला खेळाडू कितीही नावाजलेला असो, त्याला आठवड्याला 20 पौंडांहून अधिक पगार देण्याची क्लबला मुभा नव्हती. संपाची तयारी ठेवून संघटनेने जानेवारी 1961 मध्ये ही मर्यादा उठवायला लावली आणि हिल यांचे फुलहॅममधले सहकारी जॉनी हेन्स यांचा पगार एकदम 100 पौंडांवर गेला. त्यानंतर हिल यांनी कॉव्हेंट्री सिटीचे व्यवस्थापक म्हणून त्या संघाला तिसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत नेले आणि 1968 मध्ये, आयटीव्ही या खासगी वाहिनीच्या जाळ्यातल्या, नव्यानेच सुरू झालेल्या लंडन वीकेंड टेलिव्हिजनमध्ये ते क्रीडाप्रमुख म्हणून रुजू झाले.

तिथे त्यांनी जे केले ते संघटनेच्याच कामाचा पुढचा भाग होते, असे मी मानतो : आधी खेळाडूंना पगार मिळवून दिला, आता पडद्यावर आवाज. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकासाठी आयटीव्हीच्या स्टुडिओत सूत्रसंचालक ब्रायन मूर आणि स्वतः हिल यांच्यासोबत चौघे बसवले गेले : मँचेस्टर सिटीचे प्रशिक्षक माल्कम अॅलिसन, मँचेस्टर युनायटेडचे पॅट क्रेरँड, वुल्व्ह्जचे डेरेक डूगन आणि आर्सेनलचे बॉब मॅकनॅब. मॅकनॅब यांना तर इंग्लंडच्या अंतिम संघातून नुकतेच वगळले होते. म्हणजे ज्यांच्यासोबत ते मैदानात उतरले असते, त्यांच्याच खेळावर ते बोलत होते. चौघे एकमेकांचे मुद्दे खोडून काढत, आवाज चढवत, आणि ज्या प्रेक्षकाला तोवर निवेदकाचे मोजूनमापून बोलणे ऐकायची सवय होती, त्याला खेळणाऱ्यांचे भांडण पहिल्यांदाच घरबसल्या ऐकायला मिळाले. एरवी रविवारच्या फुटबॉल कार्यक्रमात हिल स्वतः संथगतीतली दृश्ये थांबवून बचावफळी नेमकी कुठे फुटली ते दाखवत. ते पात्रताधारक पंचही होते. 1972 मध्ये आर्सेनलच्या तेव्हाच्या हायबरी मैदानावर आर्सेनल-लिव्हरपूल सामन्यात सीमापंच जखमी झाला, तेव्हा प्रेक्षकांतून उठून त्यांनी ते काम पार पाडले. पुढच्याच वर्षी ते बीबीसीकडे गेले आणि तिथे प्रामुख्याने पडद्यावरचा चेहरा बनले.

आज आपल्याकडच्या क्रिकेट वाहिन्यांवरही सामन्याआधी आणि मध्यंतरात अशीच मंडळी बसलेली दिसतात. फरक इतकाच की, त्यांतले बहुतेक निवृत्त असतात. हिल यांच्या मंडळींपैकी मॅकनॅब मात्र त्या स्पर्धेनंतर पुन्हा आर्सेनलकडून खेळायला उतरले आणि 1971 मध्ये त्या संघाने लीग आणि एफए कप, दोन्ही जिंकले.