गुडघा दुखतो म्हणून आला, आजार खुब्यात निघाला

लातूरला हाडाच्या ओपीडीत निम्मे पेशंट गुडघ्याचेच असतात, पण 34 वर्षांचा, उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर लंगडत आला तेव्हा माझी नजर आधी त्याच्या तोंडावर गेली. गाल फुगलेले, पोट सुटलेलं आणि हातपाय मात्र काटकुळे.

"डॉक्टरसाहेब, डाव्या गुडघ्यात लई दुखायलंय, क्लच दाबला की कळ निघतीय."

पिशवीत गुडघ्याचे दोन एक्सरे, दोन्ही चांगले. गुडघा चाचपला तर काहीच नाही. मग उताणा झोपवला, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवलं तसा तो ओरडलाच आणि हात गेला थेट जांघेत. खुब्याला जाणाऱ्या नसेची फांदी गुडघ्यालाही जाते त्यामुळं आजार वर आणि कळ खाली असं होतं, म्हणून तरुण माणसाच्या गुडघ्यात काही सापडलं नाही तर खुबा बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवूच नये असं माझं ठाम मत आहे.

खुब्याचा एक्सरे पण जवळपास नॉर्मल. सोबत आलेला त्याचा भाऊ म्हणाला, "नॉर्मल हाय तर एमआरआयचा खर्च कशाला?" त्याला समजावलं की रक्त न मिळाल्यानं हाड मेलं तरी सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. आणि दिसलंच, एव्हीएन म्हणजे रक्ताअभावी मेलेलं हाड, दोन्ही खुब्यांत! डावीकडं मोठा भाग, उजवीकडं छोटा, तिकडं तर अजून दुखतही नव्हतं. खुब्याचा गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक, मात्र कुठंच खचून बसलेला नव्हता.

एव्हीएनची नेहमीची कारणं विचारली, तर दारू नाही, मार नाही. मग सदरा वर करायला लावला, पोटावर जांभळे रुंद वण. खोदून विचारल्यावर सांगितलं, कंबरेसाठी दोन वर्षं पुड्या खायलाय, एक घेतली की दिवसभर ट्रॅक्टर हाणता येतो. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, एकदम कमी. म्हणजे पुडीत स्टेरॉइड, दुसरं काय! फुगलेले गाल, वण आणि मेलेलं हाड, सगळं त्याचंच. अशा पुड्या बिनधास्त विकणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. पण त्या एकदम बंद करणंही धोक्याचं, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं आणि बीपी पडून जीवावर बेतू शकतं, म्हणून फिजिशियनकडून गोळ्या लिहून घेतल्या, हळूहळू डोस कमी करायचा.

डाव्या खुब्याचं कोअर डिकम्प्रेशन केलं. मांडीच्या बाजूनं, सी-आर्म या ऑपरेशनमधल्या एक्सरे मशीनवर बघत, गोळ्यातल्या मेलेल्या भागापर्यंत ड्रिल करायचं, आतला दाब कमी होतो आणि नवीन रक्तवाहिन्यांना वाट मिळते. कमरेच्या हाडातला मगज काढून तोही आत सोडला. सहा आठवडे कुबड्या, त्या पायावर पूर्ण वजन नाही, ट्रॅक्टर बंद. उजव्या बाजूवर लक्ष ठेवायचं. गोळा बसला तर सांधा बदलावाच लागेल, पण कृत्रिम सांधाही झिजतो आणि 34 व्या वर्षी बसवला तर पुढं पुन्हा बदलायची वेळ येऊ शकते, त्यामुळं जितका काळ स्वतःचा खुबा टिकेल तितका टिकवायचा आहे.