कळसूबाईच्या शिडीवर माझी लेक

कळसूबाईहून येऊन पंधरा दिवस झाले. पोटऱ्यांचं दुखणं थांबलं, बुटांतली माती झटकून झाली, माथ्यावरचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाले. उतरताना जे पाहिलं त्याचा मात्र एकही फोटो नाही. ते विसरायच्या आत लिहून ठेवायचंय.

लेक दहा वर्षांची आहे, चौथीत. 'महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?' याचं उत्तर तिने परीक्षेसाठी पाठ केलं होतं: कळसूबाई, १६४६ मीटर. परीक्षा संपली तरी तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. "आई, तिथे आपल्याला चढू देतात का?" हा प्रश्न दोन महिने रोज ऐकला आणि डिसेंबरात आम्ही दोघीच निघालो. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की बारी गाव येतं, तिथूनच चढण सुरू होते. रविवारी जाऊ नका, असं मला चार जणांनी बजावलं होतं. रविवारशिवाय सुट्टी नव्हती म्हणून गेले आणि ते चौघेही बरोबर होते. पहाटेच्या अंधारात टॉर्चची रांग आणि कुणाच्या तरी सॅकमधल्या स्पीकरवर मोठ्याने गाणी. एवढ्या लांब डोंगरावर येऊन वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ नये, याचा मला खरंच राग आला.

वाटेत एका टपरीवर सरबताला थांबलो. तिथल्या आजींनी लेकीला शेजारी बसवून घेतलं आणि कळसूची गोष्ट सांगितली. कळसू नावाची पोर एका घरी कामाला राहिली ती अट घालून. बाकी सगळं करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरी पाहुणे आले, भांड्यांचा ढीग पडला आणि तिला घासायला लावलं. तिने घासली आणि घर सोडून थेट डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. माथ्यावरचं देऊळ तिचंच.

लेक सरबत हातात तसंच धरून बसली होती. म्हणाली, "पण तिनं आधीच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं ना बाय," आजी म्हणाल्या.

"मग त्यांनी ऐकायला पाहिजे होतं."

पुढची चढण ती गप्पच होती. शिड्या आल्या तेव्हा मी तिच्या मागे, म्हणजे एकेक पायरी खाली राहून चढले. तिचा तोल गेला तर माझ्या अंगावर यावी म्हणून. माथ्यावर भणाणता वारा, देवळापुढे दर्शनाची रांग, खाली भंडारदऱ्याचं पाणी आणि एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. तिने देवीला नमस्कार केला आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

उतरताना पहिल्याच शिडीशी चेंगराचेंगरी झाली. मी आधी उतरणार असं ठरलं होतं, पण मागून लोंढा आला आणि लेक पुढे सरकली. तिच्या आणि माझ्या मधे एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या असतील. शिडीकडे पाठ करून उतरायला लागल्या, चार-पाच पायऱ्यांवर त्यांची नजर खाली गेली आणि त्या थिजल्या. दोन्ही हातांनी कठडा आवळून उभ्या. त्यांच्याबरोबरचे लोक केव्हाच खाली पोचले होते. माझ्या मागची मुलं ओरडायला लागली, "अहो चला की लवकर!" मला पुढे जायला जागा नव्हती. आणि लेक खरं तर सुटली होती, तिच्यापुढची शिडी मोकळी होती.

ती दोन पायऱ्या परत वर चढली.

"काकू, तोंड शिडीकडे करा. हळूच. एक हात सोडू नका." त्या वळल्या, पाय लटपटत होते. "आता खाली बघायचंच नाही. मी सांगते. उजवा पाय खाली. अजून. अजून थोडा." आणि आपल्या एवढ्याशा हाताने तिने त्यांच्या बुटाची टाच धरली, पाय पायरीवर आणला आणि म्हणाली, "हं, टेकला."

वरून पुन्हा कुणीतरी ओरडलं. तिने मान वर केली. "दादा, थांबा ना. त्या घाबरल्यात." आवाज चढलेला नव्हता. मुलं थांबली.

हीच मुलगी गेल्या वर्षीपर्यंत पाहुणे आले की माझ्या ओढणीआड जायची. दुकानात पेन्सिल मागायची तरी मला पुढे करायची.

पण माझा गळा दाटला तो त्या 'टेकला'मुळे. ती अडीच वर्षांची असताना जिना उतरायला भयंकर घाबरायची. मी तिच्या खालच्या पायरीवर बसायचे, तिची टाच धरून पाय पायरीवर ठेवायचे आणि प्रत्येक पायरीला म्हणायचे, "हं, टेकला." तिला त्यातलं काही आठवत नाही, मी नंतर विचारून पाहिलं. मीही तो शब्द विसरले होते. तो तिच्यात कुठेतरी राहिला आणि नेमका तिथे, दुसऱ्या कुणाच्या भीतीपाशी बाहेर आला.

शिडी संपली तेव्हा त्या बाई तिथेच कातळावर बसल्या. लेकीचे दोन्ही हात हातात घेतले, तळव्यांना गंज लागला होता तो आपल्या रुमालाने पुसला. "कितवीत आहेस गं?" "चौथीत," एवढंच बोलून ती पाण्याची बाटली शोधायला लागली. पोरांचं तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते, असं मी लहानपणापासून ऐकत आले. मी त्या सगळ्या अनोळखी लोकांसमोर तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "मला तुझा फार अभिमान वाटतो." वाटत होता तर का नाही म्हणायचं?



त्या पहिल्या शिडीच्या खाली अजून शिड्या होत्या. पुढच्या शिडीशी मी नेहमीसारखी आधी उतरायला निघाले, तर तिने मला थांबवलं. "आई, मी खाली जाते. तू माझ्यामागून ये." मी शिडीकडे तोंड केलं, दांडे धरले.

"डावा पाय खाली घे," ती खालून म्हणाली. पायरी मला दिसत होती. तरी पाय अधांतरी ठेवून मी थांबले. माझ्या टाचेला तिचा हात लागला.

"हं. टेकला."